माणक्या सोडला

आष्ट्याच्या बाजारात पूर्वी एक बोलणं फार चालायचं. कुणी कुणाचा उघड उघड मान मोडला, पायरी सोडून वागला, की लोक म्हणायचे, "त्यानं माणक्या सोडला." सुनेनं सासऱ्यासमोर पदर घेतला नाही, की सासऱ्यावर माणक्या सोडला. तलाठी मामलेदाराला बघून जागचा उठला नाही, की मामलेदारावर माणक्या सोडला. हा माणक्या कोण, असं विचारलं तर दहांतल्या नऊ जणांना सांगता यायचं नाही. दहावा छातीठोकपणे सांगायचा, की माणक्या नावाचा एक पैलवान होता आणि तो सरकारालाही भीत नव्हता. सगळी थाप. माणक्या बैल होता आणि चांगला भित्रा होता. हलगी वाजली की त्याचे कान मागं जायचे. आणि त्याला कुणी सोडला म्हणाल, तर तेही खोटं. त्याचा कासरा अंबूबाईच्या हातात होता, अगदी शेवटपर्यंत.

अंबूबाई म्हणजे बोरजाईवाडीच्या हंबीररावची बायको. हंबीरराव पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती. इटली कुठं आहे हे बोरजाईवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. बोटीनं जावं लागतं आणि तिथं थंडी लय असते, एवढंच माहीत. घरात अंबू आणि तिची सासू शालूबाई, दोघीच. सासरा आदल्या हिवाळ्यात गेला. पोरबाळ नव्हतं. चार एकर ऊस-जोंधळ्याचं रान, एक म्हैस आणि माणक्या. बाकी घरात मोठं म्हणावं असं काही नव्हतं, पण एक मान होता, आणि त्या मानापायी हे सगळं झालं.

आमच्या भागात आषाढात बेंदूर असतो. बैलांचा सण. बैल धुवायचे, शिंगं हिंगुळानं रंगवायची, बेगड लावायची, पुरणपोळी चारायची. दिवस कलला की गावच्या वेशीत कर बांधायची. कर म्हणजे केकताडाच्या, घायपाताच्या वाखाचा दोर, त्याला आंब्याच्या डहाळ्या, बैलाच्या शिंगाला लागेल एवढ्या उंचीवर. ती कर पहिली तोडायची ती पाटलाच्या बैलानं. त्याच्यामागं कुणी, त्याच्यामागं कुणी, हे सगळं वाडवडलांपासून ठरलेलं. पाटलाच्या पाठोपाठ दुसरा बैल हंबीररावच्या घरचा. एवढाच तो मान. शहरातल्या माणसाला हसू येईल. येऊ दे. पण ज्याच्या घराला दुसरं काही नाही त्याला विचारा, दुसऱ्या नंबरला उभं राहणं म्हणजे काय ते.

त्या साली, चव्वेचाळीसला, प्रश्न असा पडला की माणक्याचा कासरा धरायचा कुणी? ज्याच्या हातात कासरा त्याचा मान, अशी रीत. सासरा होता तोवर तो धरायचा. आता हंबीररावचा चुलत भाऊ बाळासो पुढं सरसावला. "मी धरतो की वैनी. घरचाच हाय मी." घरचा होता हे खरं, पण एकदा त्याच्या हातात कासरा गेला असता, तर पुढच्या बेंदराला तो स्वतःचाच बैल घेऊन तिथं उभा राहिला असता. अंबूला हे कळत होतं. शिवाय महिन्यापूर्वी हंबीररावचं पत्र आलं होतं, कंपनीच्या कारकुनानं लिहिलेलं. त्यात खुशालीच्या दोन ओळी आणि मग हे, की बेंदराला माणक्या आपल्या जागेवर उभा करा, जागा सोडू नका, मी आल्यावर धरीन.

अंबू ते पत्र घेऊन पाटलाकडं गेली. मानसिंगराव पाटील तापट होते, पण नीतीचे होते. त्यांनी पत्र वाचलं, परत घडी घातली आणि चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "शिपायाची बायको हाय. तिकडं त्यो लढतोय आन् हितं आपण त्याची जागा खायची व्हय? धरू दे तिला कासरा." बाईमाणसानं बेंदरात बैल धरायचा ही गोष्ट बोरजाईवाडीत पहिल्यांदाच घडत होती, आणि ती पाटलांनी आपल्या शब्दावर घडवली होती. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं त्यांना राग का आला ते कळेल.

बेंदराच्या दिवशी सकाळी अंबू माणक्याला घेऊन ओढ्याला गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याला घासत होती. तेवढ्यात पलीकडच्या पाणंदीनं ज्ञानू टपालवाला आला. तालुक्याच्या कचेरीतून चालत यायचा रोज, खांद्याला पिशवी, डोक्याला खाकी पटका. चार पोरींचा बाप, गरीब माणूस. एरवी लांबूनच "पत्र न्हाई हो वैनी" असं ओरडायचा. त्या दिवशी ओरडला नाही. काठावर येऊन उभा राहिला, पिशवीला हात घातला, पुन्हा काढला.

"वैनी, तार हाय," तो म्हणाला.

अंबूनं विचारलं, "काय लिवलंय?"

"कचेरीतल्या मास्तरांनी वाचून सांगितलं मला." तो नुसता मान हलवत राहिला, आणि अंबूला कळलं.

आता इथं कुणीही म्हणेल की ती धाय मोकलून रडली असेल. नाही. तिच्या पायांभोवतीचं पाणी गार होतं, ते एकदम लागेनासं झालं. गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत हे कळेना. हातातला काथ्याचा चोथा मात्र चालूच होता. तिनं माणक्याची पाठ घासली, वशिंड घासलं, मागचे दोन्ही पाय घासले. ज्ञानू काठावर उभाच.

मग ती म्हणाली, "भावजी, ही तार आज आलीच न्हाई म्हणा."

"आसं कसं?"

"आज कळलं तर सुतक लागंल. माणक्या गोठ्यात ऱ्हाईल, जागा रिकामी पडंल आन् म्होरल्या बेंदराला बाळासो तिच्यावर हुबा ऱ्हाईल. जागा सोडू नगा म्हणून लिवलंय त्यांनी. एवढा एक दिवस जाऊ दे. परवा आणा तार, सगळ्यांम्होरं आणा."

लढाईचे दिवस, सरकारी तार. ती दोन दिवस दाबून ठेवली हे वर कळलं असतं, तर ज्ञानूची नोकरी गेली असती, कदाचित बेड्याही पडल्या असत्या. त्यानं पिशवीचं तोंड आवळून बांधलं. मग म्हणाला, "चार पोरी हायेत मला, वैनी. तोंडातनं निघालं न्हाई पायजे कवा."

"न्हाई निघणार," अंबू म्हणाली.

घरी आली तर शालूबाई पुरण वाटत बसली होती. गाणं गुणगुणत होती. सासरा गेल्यापासून म्हातारीच्या तोंडून गाणं आलं नव्हतं. लेकाची जागा सुनेनं राखली म्हणून ती त्या दिवशी खुशीत होती. तिनं माणक्याला गोंजारलं, पहिली पोळी त्याच्या तोंडात दिली आणि म्हणाली, "म्होरल्या वर्साला माजा हंबीर धरंल बाबा तुला." अंबूनं ते ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. तिनं शिंगांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, गोंडे बांधले. सासूनं ताटात वाढलेली पोळी खाल्ली. चव लागली नाही, पण खाल्ली.

तिसऱ्या प्रहरी सगळे बैल मारुतीच्या देवळापुढं ओळीनं उभे राहिले. ओळीत सगळ्यांत पुढं माणक्या. रीत अशी की, पाटलांचा बैल चावडीकडून वाजतगाजत यायचा, ओळीच्या अंगावरून पुढं जायचा, कर तोडायचा, आणि मग त्याच्यामागं ओळीनं हलायचं. तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही. अंबूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघत आली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती कासरा धरून उभी होती आणि तिला फक्त एवढंच कळत होतं, की आपल्याला वेशीतून जायचंय. चालत राहिलं की हे संपेल.

चावडीकडं हलगी वाजली. माणक्याचे कान मागं गेले. आणि अंबू चालायला लागली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं बैल बुजला असेल. कुणीतरी म्हणालं, "वैनी, थांबा." ती थांबली नाही. मग चार-पाच जण ओरडले. पाटलांचा बैल अजून पन्नास पावलं मागं होता. झुलीवर आरसे लावलेले, पुढं लेझीम, मानसिंगराव स्वतः नवा पटका बांधून कासऱ्याला. त्यांनी हाक मारली, "अंबू, हुबी ऱ्हा." सबंध गावानं ती हाक ऐकली. अंबूनं ऐकली नाही. कर तिच्या डोक्यावरून गेली, माणक्याच्या शिंगांत अडकली, आणि तुटली. आंब्याची डहाळी माणक्याच्या कपाळावर लोंबत राहिली. अंबू तशीच वेशीबाहेर गेली, ओढ्याच्या वाटेला लागली. मागं लेझीम बंद पडलं होतं. शेवटी बाळासोनं पळत जाऊन तिच्या हातातून कासरा काढून घेतला, तेव्हा तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की हा कोण, इथं कसा.

त्याच संध्याकाळी पारावर पोरांनी शब्द पाडला. "पाटलावर माणक्या सोडला रं हिनं." हसायला काय, कुणालाही येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर बोलावणं आलं. गाव जमलं होतं. मानसिंगराव रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मी तुजी बाजू घेतली. समद्या गावाच्या इरोधात घेतली. आन् तू माजंच नाक कापलंस. का केलंस?"

अंबू खाली बघत उभी राहिली.

"बैल बुजला म्हण. चक्कर आली म्हण. एक शबूद बोल, मी मिटवतो हितल्या हितं."

माणूस भला होता बघा. तोंडात शब्द आणून देत होता. अंबूनं मान वर केली तर समोरच्या घोळक्यात ज्ञानू दिसला, खांद्याला पिशवी लावलेला. पिशवीत तार होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पिशवी पोटाशी आवळून धरली. तिला वाटलं असेल का, की सांगून टाकावं? वाटलं असेल. सांगितलं असतं तर पाटलांनी तिचे पाय धरले असते. पण त्याबरोबर गावाला हेही कळलं असतं, की सुतक अंगावर घेऊन हिनं सबंध गावचा बेंदूर बाटवला, नवरा गेलेला माहीत असून बांगड्या घालून पोळी खाल्ली. आणि ज्ञानूच्या घरी चार पोरी होत्या. चक्कर आली म्हणण्याएवढी खोटी गोष्टसुद्धा तिला त्या वेळी सुचली नाही. ती एवढंच म्हणाली, "चुकलं."

"चुकलं म्हंजे?"

मग गावानं ठरवलं की दुसऱ्या नंबरची जागा आजपासून बाळासोची, आणि माणक्यानं बेंदरात उभं राहायचं नाही. ज्या जागेसाठी तिनं मरण पोटात ठेवलं ती जागा अशी गेली. घरी येऊन तिनं म्हशीची धार काढली.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ज्ञानू तार घेऊन दारात आला. मोठ्यानं सांगितलं, गल्ली गोळा होईल असं. तार इंग्रजीत होती, तिच्यावरची तारीख कुणी वाचली नाही. शालूबाईनं अंगणात लोळण घेतली. बायका धावल्या, अंबूच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. अंबू जोत्यावर बसून होती. डोळ्यांत टिपूस नाही. कुणी तिला गदागदा हलवलं, कुणी चिमटे काढले, "रड गं बाई, मोकळी हो." तिला कळत होतं की आता रडायला पाहिजे, लोक वाट बघतायत. येईना त्याला काय करणार. दोन दिवस उशीर झाला होता त्या रडण्याला. परतताना बायका कुजबुजल्या, "नवऱ्यावर बी माणक्या सोडला हिनं."

आणि मग गावानं दोन आणि दोन जोडले. गावाला तेवढंच येतं. परवा हिनं पाटलाचा मान मोडला, करीचा अपमान केला, आज कुंकू गेलं. देवानं तिसऱ्या दिवशी हिशेब केला. पहिल्यांदा हे कोण बोललं कुणास ठाऊक, पण आठवड्यात सगळं गाव बोलायला लागलं, आणि शालूबाईला ते पटलं. नवरा गेला होता म्हणून कर तुटली, आणि गाव म्हणत होतं कर तुटली म्हणून नवरा गेला. उलटं कसं ते दोघांनाच माहीत. त्यातला एक पिशवी घेऊन रोज गावात यायचा आणि अंबूच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

शालूबाई त्या दिवसापासून सुनेला नावानं हाक मारेनाशी झाली. "माज्या लेकाला खाल्लंस," हे एकदा म्हणाली, तेराव्याच्या दिवशी, आणि पुन्हा कधी म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. दोघी एका चुलीवर जेवायच्या. अंबू रानात जायची, ऊस बघायची, वैरण आणायची, म्हातारीचे पाय चेपायची. माणक्या म्हातारा झाला, त्याला बेंदरादिवशी ती गोठ्यातच पोळी द्यायची. तिचं दुखतंय का, खुपतंय का, विचारणारं कुणी नव्हतं, आणि कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. दिवस उगवायचा आणि मावळायचा.

शब्द मात्र पसरला. आष्ट्याला गेला, शिराळ्याच्या नागपंचमीत ऐकू आला. लढाई संपली, स्वराज्य आलं, पलटणीतली पोरं परत आली आणि तीही बोलायला लागली. एकदा बाजारात अंबू गूळ घेत होती तर शेजारचा दुकानदार गिऱ्हाइकाशी भांडताना म्हणाला, "माज्यावर माणक्या सोडतोस व्हय रं?" अंबूनं गूळ पदरात बांधला आणि निघाली. रागही आला नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की ह्याला तारेवरची तारीख माहीत नाही.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात ज्ञानू नोकरीतून मोकळा झाला. चारही पोरी उजवल्या होत्या. त्याच सुमाराला शालूबाईनं अंथरूण धरलं. वैद्यानं आठ दिवसांची गोष्ट सांगितली. हे कळल्यावर ज्ञानू एका सकाळी आला, पटका काढून उंबऱ्यात बसला आणि अंबूला हळू आवाजात म्हणाला, "आता माजं कोण काय वाकडं करणार न्हाई. म्हातारी तुमच्यावर राग घिऊन चालली. सांगू का मी?"

अंबूचे हात थांबले. ती पेज ढवळत होती, ती तशीच राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला काही हवंसं वाटलं. म्हातारीनं एकदा "अंबू" म्हणावं. बस, एवढंच.

"मीच सांगते," ती म्हणाली.

ती सासूच्या उशाशी बसली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. ओढा, तार, ज्ञानू, परवा आणा म्हणून घातलेली गळ, पाय बधिर झाले ते. "मी मुद्दाम न्हाई गेले आत्याबाई. त्ये आदीच गेलं हुतं. कर तुटायच्या आदी." ज्ञानूनं उंबऱ्यातून, "खरं हाय शालूबाई, माज्या पोरींची आण," असं म्हटलं.

म्हातारीनं आढ्यावरची नजर काढली. मग तिनं वाळलेला हात चाचपडत पुढं केला, सुनेचं मनगट धरलं आणि म्हणाली, "अंबू."

अंबू पुढं वाकली.

"अंबू, पाच वर्सं मी तुजा राग धरून जगले गं. सकाळी उठले की तुज्याकडं बघायची आन् मला बळ यायचं. तू न्हवंस, तर मग माज्या लेकाला कुणी खाल्लं?"

अंबूला काय सांगता येणार होतं? इटली कुठं आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. गोळी कुणी मारली, त्याचं नाव काय, तोही कुणाच्या घरचा असेल, हे काही तारेत लिहिलेलं नव्हतं. म्हातारी उत्तराची वाट बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग गेल्यावर तिथं दुसरं काही उरलंच नाही, आणि ते अंबूला दिसलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं पेज घेतली नाही. वैद्यानं आठ दिवस सांगितले होते, ती तिसऱ्याच दिवशी गेली.

आणि तेव्हा अंबू रडली. अशी रडली, की गल्लीतल्या बायकांना तिला आवरता येईना. छाती पिटून, जमिनीवर कपाळ आपटून, दिवस मावळेपर्यंत. बायकांना नवल वाटलं. नवऱ्याला जी रडली नाही ती सासूला एवढी रडते, हिचा जीव लय होता बाई म्हातारीवर, असं म्हणत त्या डोळे पुसत घरी गेल्या. ज्ञानू अंगणात बसून होता. त्याला ठाऊक होतं, हे रडणं पाच वर्षांपूर्वीच्या त्या तारेचं. पण त्या दिवशीही त्यानं कुणाला सांगितलं नाही.